शिकली, पण मार्क तेवढेच: एका गाजलेल्या शोधनिबंधाचं वाचन

माझं पीएच.डी.चं काम पदार्थविज्ञानातलं आहे. शिक्षणशास्त्र हा माझा विषय नाही. तरी यावेळी मी शिक्षणावरचा एक निबंध घेतलाय, आणि त्याला कारण माझी भाची आहे. ती सातवीत आहे.

आमचं घर सिद्धेश्वरला. हिंगोली जिल्हा, औंढा नागनाथ तालुका, पूर्णा नदीवरच्या धरणाचं गाव. दिवाळीच्या आधी मी घरी गेले तेव्हा सोयाबीनची काढणी चालू होती. भाऊ-वहिनी दिवसभर रानात. संध्याकाळी भाची वही घेऊन आली. म्हणाली, "आत्या, उद्या गणिताची चाचणी हाय. गृहपाठ झालाय सगळा, तू फक्त बघ."

वही बघितली. तारीख, समास, अक्षर, सगळं छान. परिमेय संख्यांच्या बेरजा पानभर, आणि प्रत्येकीवर लाल पेनची बरोबरची खूण. मी कोऱ्या कागदावर एक बेरीज दिली, ३/४ + ५/६. तिनं पटकन लिहिलं, ८/१०.

"वहीतलं गाईडातून उतरवलंस?"

"मग काय करू? सगळेच उतरवतात."

मी विचारलं, १/३ मोठा की १/४? उत्तर आलं, "१/४. चार मोठा हाय ना." म्हणजे अडचण सातवीच्या धड्यात नव्हतीच. ती अपूर्णांकाची पहिली ओळख होते तिथली होती, दोन-तीन वर्षं मागची. दुसऱ्या दिवशीच्या चाचणीत तिला २० पैकी ५ मिळाले.

मग सुट्टीभर आम्ही दोघींनी सातवीचं पुस्तक बाजूला ठेवलं. भाकरीचे तुकडे केले, कागदाच्या पट्ट्या दुमडल्या, सममूल्य अपूर्णांकांपर्यंत आलो. मी परत आल्यावर फोनवर चालू ठेवलं. महिन्याभरात ती १/३ आणि १/४ मधला मोठा कोणता हे सांगायला लागली, का मोठा हेही सांगायला लागली. मग पुढची चाचणी झाली. २० पैकी ६.

भावाचा फोन आला. "तू एवढं शिकवलंस, अन् मार्क एकच वाढला. औंढ्याला ट्यूशन लावू का तिला?"

त्याला काय सांगावं ते मला कळेना. पोरगी शिकली होती, हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. पण माझं बघणं हा काही पुरावा नाही. आपल्याला सवय आहे तसं मी केलं, कोणी हे मोजलंय का ते शोधायला बसले. त्यातून हा निबंध हाती लागला.

निबंध काय सांगतो

कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहांद्रो गॅनिमियन यांचा हा निबंध २०१९ मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू' या नियतकालिकात आला. प्रयोग दिल्लीतला, २०१५-१६ चा. सरकारी शाळांमधली ६१९ मुलं, बहुतेक सहावी ते नववीतली. शाळेनंतर चालणाऱ्या केंद्रांमध्ये 'माइंडस्पार्क' नावाच्या संगणक-प्रणालीवर शिकायला यायची त्यांची तयारी होती. लॉटरीनं त्यांचे दोन गट केले. ३१४ जणांना केंद्रात मोफत प्रवेश मिळाला. बाकीचे ३०५ नियंत्रण गटात राहिले, म्हणजे त्यांना काही मिळालं नाही.

केंद्रात दीड तासाचं सत्र असे, आठवड्यातून सहा दिवस. पहिली ४५ मिनिटं संगणकावर. प्रणाली आधी मुलाची पातळी तपासणार आणि तिथूनच पुढे नेणार. मूल आठवीत असलं तरी त्याचं गणित चौथीचं असेल, तर प्रश्नही चौथीचे. उरलेली ४५ मिनिटं लहान गटात, शिकवणाऱ्या व्यक्तीबरोबर. त्यात गृहपाठ करून घेणं, उजळणी, परीक्षेची तयारी.

साडेचार महिन्यांनंतर लॉटरी लागलेली मुलं गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ प्रमाण विचलनानं पुढे होती.

हा आकडा समजत नसेल तर असं बघा. एका परीक्षेत सरासरी ५० मार्क आणि प्रमाण विचलन २० असेल, तर ०.३७ म्हणजे साधारण सात-साडेसात मार्क. किंवा, शंभर मुलांच्या रांगेत बरोबर मधे उभं असलेलं मूल चौदा-पंधरा जणांना मागे टाकतं. साडेचार महिन्यांसाठी ही वाढ मोठी आहे.

आधी जमेची बाजू

आक्षेप घेण्याआधी निबंधात काय चांगलं आहे ते सांगायला हवं. नाहीतर टीका म्हणजे नुसती खोड काढणं होतं.

एक, गट लॉटरीनं पाडलेत. 'ज्यांचे आई-बाप जागरूक त्यांचीच मुलं आली, म्हणून फरक दिसला' ही शंका त्यामुळे मिटते. येण्याची तयारी दोन्ही गटांची होती.

दोन, निष्कर्ष काढायच्या चाचण्या संशोधकांनी स्वतंत्र घेतल्या, कागदावर. आणि त्या फक्त इयत्तेच्या पातळीच्या नव्हत्या. खालच्या इयत्तांचेही प्रश्न त्यात होते. हे का महत्त्वाचं, ते पुढे येईल.

तीन, आपण मनातल्या मनात जाणतो पण म्हणत नाही अशी गोष्ट त्यांनी आकड्यांत मांडली. त्यांच्या नमुन्यातलं सहावीचं मूल गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होतं. नववीपर्यंत हे अंतर साडेचार इयत्तांचं होतं. शिवाय नियंत्रण गटात जी मुलं सुरुवातीलाच सगळ्यांत खालच्या तिसऱ्या भागात होती, त्यांची त्या काळात मोजण्याइतकी काहीच प्रगती झाली नाही. ती शाळेत जात होती, वर्गात बसत होती, तरीही.

हे वाचलं तेव्हा भाचीची ती नीटनेटकी वही आठवली.

पहिला आक्षेप: ०.३७ कुठल्या चाचणीत?

निबंधाचा उल्लेख करणारे बहुतेक जण ०.३७ हा आकडा सांगतात आणि थांबतात. पण त्याच निबंधात पुढे आणखी एक गोष्ट आहे. संशोधकांनी मुलांचे शाळेच्या परीक्षांचे मार्कही मिळवले होते. हिंदीत सुधारणा दिसली. गणितात, शाळेच्या परीक्षेत, लक्षणीय फरक दिसला नाही.

म्हणजे नेमकं आमच्या घरी झालं तेच.

कारणही तिथेच आहे. गणितात प्रणालीनं मुलांना विचारलेले बहुतेक प्रश्न त्यांच्या इयत्तेच्या खालचे होते, कारण मुलं खाली होती. स्वतंत्र चाचणीतले गुण वेगळे काढले तर सुधारणा खालच्या इयत्तांच्या प्रश्नांमध्ये दिसते, चालू इयत्तेच्या प्रश्नांमध्ये नाही. शाळेची परीक्षा मात्र सगळी चालू इयत्तेची. हिंदीत बऱ्यापैकी प्रश्न इयत्तेच्या जवळचे होते, तिथे शाळेच्या मार्कांतही फरक पडला.

याला मोजमापाच्या भाषेत तळाचा परिणाम म्हणतात. आमच्याकडच्या उदाहरणानं सांगते. हळदीची पोती तोलायच्या काट्यावर वाटीभर हळद ठेवली तर काटा हलत नाही. आणखी दोन वाट्या टाकल्या तरी तो जवळपास तिथेच. म्हणून हळद वाढली नाही असं कोणी म्हणत नाही, काटा या कामाचा नाही म्हणतात. सातवीचेच प्रश्न असलेली चाचणी दुसरीच्या पातळीवरच्या आणि पाचवीच्या पातळीवरच्या मुलात फरक करू शकत नाही. दोघांनाही २० पैकी ५ किंवा ६.

संशोधकांनी हे लपवलेलं नाही. पण त्यांनी त्याचा लावलेला अर्थ मला अर्धाच पटतो. त्यांचा सूर असा, की शाळेच्या मार्कांवरून प्रगती जोखणं चुकीचं, कारण ते मार्क ही प्रगती पकडू शकत नाहीत. मोजमाप म्हणून हे शंभर टक्के बरोबर आहे. पण शाळेची परीक्षा हे फक्त मोजमापाचं साधन नाही, ती दारावरचा पहारेकरीही आहे. शिक्षण हक्क कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली आणि पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा घेण्याची मुभा राज्यांना मिळाली. महाराष्ट्रानं २०२३-२४ पासून ती परीक्षा सुरू केली. नापास झालेल्या मुलाला जादा मार्गदर्शन, दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा, आणि त्यातही नापास झालं तर त्याच वर्गात. माझी भाची पुढच्या वर्षी आठवीत जाणार. तिथे पेपर आठवीचा असेल. 'तिची पातळी दीड इयत्तेनं सुधारली आहे' असं पत्र त्या पेपरला जोडता येत नाही.

म्हणून माझा पहिला आक्षेप असा: निबंध 'मूल शिकलं का?' याचं उत्तम उत्तर देतो. 'मूल शाळेत टिकेल का?' हा दुसरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर साडेचार महिन्यांच्या प्रयोगात मिळत नाही. खालून शिकवत गेलं तर मूल चालू इयत्तेला कधी पोचतं, की तोवर इयत्ताच पुढे सरकलेली असते? हे कळायला तीच मुलं दोन-तीन वर्षं बघायला हवीत.

दुसरा आक्षेप: गुण कोणाचा?

मुलांना दोन गोष्टी एकत्र मिळाल्या, संगणक आणि शिकवणारी व्यक्ती. मग ०.३७ कोणामुळे? प्रयोगात तिसरा गट असता, ज्याला फक्त व्यक्ती मिळाली असती, तर उत्तर सरळ मिळालं असतं. तो नव्हता.

संशोधकांनी यासाठी दुसऱ्या एका प्रयोगाचा आधार घेतलाय. जेम्स बेरी आणि प्रिया मुखर्जी यांनी दिल्लीतच माध्यमिकच्या आधीच्या वर्गांतल्या मुलांसाठी चाललेल्या शिकवणी-वर्गांचा अभ्यास केला होता. वर्ग 'प्रथम' संस्थेचे, शाळेनंतर, आठवड्यातून सहा दिवस. तिथे शिकण्यावर परिणाम दिसला नाही. यावरून यांचं म्हणणं, की नुसत्या गटशिकवणीनं फरक पडत नाही, म्हणजे काम पातळीनुसार शिकवणाऱ्या प्रणालीचं आहे.

मुद्दा पटण्यासारखा आहे. पण नव्यानं संशोधन वाचणाऱ्यांनी इथे थांबावं. दोन वेगळ्या प्रयोगांची तुलना ही लॉटरीची तुलना नसते. मुलं वेगळी, शिकवणारे वेगळे, चाचणी वेगळी. एका प्रयोगातला नियंत्रण गट दुसऱ्या प्रयोगाला उसना देता येत नाही. शिवाय संगणकाशेजारची शिकवणारी व्यक्ती आणि एकटी शिकवणारी व्यक्ती यांचं काम एकच आहे असंही धरता येत नाही. त्यामुळे हा भाग 'शक्यता' म्हणून वाचा, 'सिद्ध' म्हणून नको.

मात्र माझ्या भावाच्या प्रश्नाला यातून एक उत्तर मिळतं. सातवीचाच धडा पुन्हा एकदा मोठ्या आवाजात सांगणारी ट्यूशन लावून फार काही होईल असं मानायला या पुराव्यात आधार नाही.

तिसरा आक्षेप: ९० दिवसांचं गणित

लॉटरी लागलेली मुलं सगळे दिवस आली नाहीत. सरासरी हजेरी ५८ टक्के होती. ०.३७ हा आकडा सगळ्यांचा मिळून आहे, न आलेल्यांसकट. ही पद्धत बरोबर आहे. पुढे संशोधक म्हणतात, मूल पूर्ण ९० दिवस आलं असतं तर गणितात ०.६ आणि हिंदीत ०.३९ फायदा झाला असता.

या 'असता'मध्ये एक गृहीतक आहे, की प्रत्येक दिवसाचा फायदा सारखाच. दहाव्या दिवशी जेवढं मिळतं तेवढंच ऐंशीव्या दिवशी. दुसरं असं, की जे आले नाहीत त्यांना आणून बसवलं तर त्यांनाही तितकाच फायदा होईल. पहिलं गृहीतक त्यांनी त्यांच्या आकड्यांवर तपासून बघितलंय. दुसऱ्याची खात्री देणं अवघड आहे.

आमच्या भागात बसून वाचताना मला तर ५८ टक्के हाच सगळ्यांत महत्त्वाचा आकडा वाटला. फुकट केंद्र, शहरातलं, यायची तयारी असलेली मुलं, तरी दहातले चार दिवस गैरहजर. सिद्धेश्वरच्या आसपास ऑक्टोबरात सोयाबीन, आणि जानेवारी-फेब्रुवारीपासून हळदीची काढणी, शिजवणी, वाळवणी. तेव्हा सातवीतली मुलगी घरात धाकट्याला सांभाळते, नाहीतर रानात असते. आणि नेमक्या याच महिन्यांत सत्राच्या चाचण्या येतात. इथे हजेरी किती असेल? तो आकडा दिल्लीच्या निबंधातून आणता येत नाही. तो इथेच मोजावा लागेल.

आणि गृहपाठ?

गृहपाठावरच्या संशोधनात सगळ्यांत जास्त घेतलं जाणारं नाव अमेरिकेतल्या हॅरिस कूपर यांचं. १९८९ मध्ये त्यांनी सुमारे १२० अभ्यास एकत्र करून आढावा लिहिला. गृहपाठाला दिलेला वेळ आणि मार्क यांचा सहसंबंध हायस्कूलच्या वरच्या वर्गांत ०.२५ निघाला, मधल्या वर्गांत ०.०७, आणि लहान वर्गांत जवळपास शून्य.

०.०७ चा वर्ग करा, ०.००४९ येतो. म्हणजे मधल्या वर्गांत मुलामुलांच्या मार्कांमधल्या फरकाचा अर्धा टक्का भाग गृहपाठाच्या वेळेशी जुळतो. एवढ्यावरून 'गृहपाठ बंद करा' म्हणणारे लेख निघाले. घाई करू नका. सहसंबंध वेळेचा आहे. अडलेलं मूल जास्त वेळ बसतं, येणारं मूल लवकर उठतं. आणि माझ्या भाचीसारखं मूल गाईडातून सुंदर अक्षरात उतरवत दीड तास बसतं. हे तिन्ही वेळ एकाच रकान्यात पडले तर आकडा शून्याकडेच जाणार.

जर्मनीतल्या उलरिक ट्राउटवाइन यांनी २००७ मध्ये हेच वेगळं करून बघितलं. किती वेळ बसलं, किती वेळा गृहपाठ मिळाला, आणि मुलानं किती मनापासून केला, हे तीन वेगळे घटक धरले. जास्त वेळ बसण्याचा फायदा दिसला नाही. मनापासून केलेल्या प्रयत्नाचा दिसला. पण मनापासून प्रयत्न करायला आधी गृहपाठ आवाक्यातला असावा लागतो. ज्याला १/३ आणि १/४ मधला मोठा कोणता हे कळत नाही, त्याच्यासाठी ३/४ + ५/६ हा गृहपाठ नाहीच, ते नक्कल करायचं चित्र आहे. तेव्हा उतरवण्याला आळशीपणा म्हणण्याआधी गृहपाठाची पातळी बघायला हवी.

तुमच्यासाठी

तुमच्यातले बरेच जण पेटची तयारी करत असतील, विषय शोधत असतील. मुलाखतीत 'संशोधनातली उणीव कुठे दिसते?' असं विचारतात आणि आपण पाठ केलेली वाक्यं म्हणतो. या निबंधातली उणीव अशी सांगता येईल:

मागे पडलेल्या मुलाला त्याच्या पातळीवर शिकवलं तर ते शिकतं, याचा पुरावा चांगला आहे. ते शिकणं चालू इयत्तेच्या पेपरापर्यंत कसं पोचवायचं, याचा पुरावा कमी आहे. हाताशी दिवसाला ४० मिनिटं असतील तर किती खालच्या पातळीला द्यायची आणि किती उद्याच्या गृहपाठाला? हा मोजता येण्यासारखा प्रश्न आहे. त्याला मोठी प्रणाली लागत नाही. काही शाळा लागतील, लॉटरी लागेल, खालपासून वरपर्यंत प्रश्न असलेली चाचणी लागेल, आणि सुगीचे महिने धरून ठेवलेलं हजेरीपत्रक लागेल.

आणि कुठलाही निबंध वाचताना तीन प्रश्न कागदावर लिहून ठेवा. आकडा कुठल्या चाचणीतला? ज्याला फायदा झाला नाही तो निबंधात कुठे दिसतो? आणि निष्कर्षातला 'असता' कुठल्या गृहीतकावर उभा आहे? सारांश वाचून यातल्या एकाचंही उत्तर मिळत नाही. त्यासाठी आतले तक्ते बघावे लागतात.

भावाला मी शेवटी एवढंच सांगितलं, की ट्यूशन आत्ता नको, वार्षिक परीक्षेपर्यंत थांब. त्याला निबंध सांगितला नाही, एक कागद दाखवायला लावला. सुट्टीच्या पहिल्या दिवशी भाचीला दिलेले दहा प्रश्न, तिसरीपासून सातवीपर्यंतचे, आणि तेच प्रश्न महिन्याभरानंतर. आधी तीन बरोबर होते, नंतर सात. भाऊ थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "हे शाळेच्या मार्कात का येत नाही मग?"

तेच प्रश्न दोनदा दिले तर मूल ते लक्षातही ठेवू शकतं, हे मला माहीत आहे. एका मुलीचा कागद म्हणजे संशोधन नव्हे, हेही माहीत आहे. आता आम्ही वेळ वाटून घेतलाय. पंचवीस मिनिटं मागचं आणि पंधरा मिनिटं उद्याचा गृहपाठ, त्यातली निदान दोन गणितं गाईड न उघडता. हे प्रमाण बरोबर आहे का, मला माहीत नाही. पंचवीस आणि पंधरा मी अंदाजानं घेतलेत. तुमच्यापैकी कोणी हे नीट मोजलं, तर पहिली वाचक मी.

काल फोनवर तिनं ३/४ + ५/६ केलं. १९/१२ आलं. मग म्हणाली, "आत्या, पण पेपरात हे येणार नाही. आता समीकरणं चालू झालीत."